१००० वॅटचा डबा की ३०० वॅटचा? सबवूफरची ताकद कुठे बघायची

प्रश्न अमळनेरहून आला आहे, तो आधी थोडक्यात. पहिल्या मजल्यावर हॉल, १८ बाय १४ फूट, उंची १० फूट. एका बाजूला ७ फुटांची कमान आणि तिच्यापलीकडे १२ बाय १०चं डायनिंग, मध्ये दार नाही. ५.१चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसीव्हर आणि पाच स्पीकर ठीक आहेत, पण जुन्या सेटबरोबर आलेला साडेसहा इंची सबवूफर (फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणारा डबा) गेल्या उन्हाळ्यात जळाला. एका दुकानदाराने १२ इंची ‘१००० वॅट’ २२ हजारांत दाखवला. दुसऱ्याने १२ इंचीच, पण ‘३०० वॅट आरएमएस’ (म्हणजे सतत देता येणारी ताकद), ५८ हजारांत. पुतण्या म्हणतो, डीजेवाल्याकडचा १८ इंची बेस आणून ठेवू. खाली भाडेकरू आहेत, शेजारच्या खोलीत आई झोपतात. बजेट फार तर ६५ हजार. ‘यातला सगळ्यात पॉवरफुल कोणता?’

भाऊ, आधी पुतण्याचं मिटवू, कारण दर लग्नसराईनंतर कोणी ना कोणी मला हे विचारतंच. वरातीतला १८ इंची बेस उघड्या रस्त्यावर शे-दोनशे नाचणाऱ्यांच्या छातीवर ठोका बसावा म्हणून बनवलेला असतो. तो ठोका साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा). थोड्या वॅटमध्ये जास्तीत जास्त आवाज काढायचा म्हणून ते डबे बहुतेक वेळा ४० हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेले असतात, आणि त्याच्या खाली त्यांचा आवाज झपाट्याने गळतो. सिनेमातला भूकंप, लांबचा स्फोट, जहाजाच्या इंजिनाची घरघर यांचा तळ २० ते ४० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे पुतण्याच्या बेसवर गाण्याला तुमच्या खिडक्या हलतील आणि नेमक्या सिनेमातल्या जागेला तो गप्प बसेल. वर त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पंख्याची घूंघूं फुकट. त्याला सांगा, लग्नाला आण, हॉलमध्ये नको.

आता दुकानातले दोन डबे.

मी जळगावला गोलाणी मार्केटच्या आसपास अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला बसायचो तेव्हा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा छापायचा जमाना होता. एकदा ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं चंदेरी स्टिकर लावलेला सेट टेबलावर आला. उघडला तर आत १२-०-१२चा, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. २४ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे ४८. भिंतीतून ४८ वॅटच्या पलीकडे काही येतच नाही, तर बाहेर ५००० कुठून पडणार? मालकाला दाखवलं, तर तो म्हणाला, ‘पण वाजायचा भारी.’ वाजतही असेल. ५० वॅट म्हणजे काही कमी आवाज नव्हे, हेही त्या दिवशी मला नीट कळलं.

तीच युक्ती आज वापरा. ‘१००० वॅट’वाल्याच्या मागे वायर लागते तिथे फ्यूजचा आकडा छापलेला असतो. समजा १.६ अँपिअर असेल, तर २३० गुणिले १.६ म्हणजे साधारण ३७० वॅट. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर क्षणभर त्याहून जास्त निघू शकतं, पण सतत १००० वॅट द्यायला हा डबा बांधलेलाच नाही. चांगल्या कंपन्या दोन्ही आकडे वेगवेगळे छापतात. एसव्हीएसच्या पीबी-१००० प्रो या १२ इंची सबवूफरवर ३२५ वॅट आरएमएस आणि ८२० वॅट पीक (म्हणजे क्षणभराचे) असं लिहिलेलं असतं. एकच यंत्र, दोन आकडे. तुमच्या दुकानदाराने एकाचा पीक आणि दुसऱ्याचा आरएमएस शेजारी ठेवला. म्हणजे एका गाडीचा उतारावरचा वेग आणि दुसरीचा चढावरचा.

आणि समजा दोन्ही आकडे खरे निघाले, तरी काय? वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ३ डेसिबल म्हणजे ‘हं, थोडा वाढला’ एवढंच. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ३०० आणि १००० वॅटमध्ये फरक साधारण ५.२ डेसिबलचा. त्यासाठी दुकानात भांडत बसण्यात अर्थ नाही.

मग ताकद कशात? हवा किती ढकलली जाते यात. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं आपोआप उलगडतं. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, म्हणजे ४० हर्ट्झवरून २० वर, तर कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट पुढे-मागे जावं लागतं. ४० हर्ट्झला जो ८ इंची कोन ५ मिलिमीटर हलून काम भागवतो, त्याला २० हर्ट्झला २० मिलिमीटर हलावं लागेल. तो तेवढा हलूच शकत नाही. एक तर फडफडतो, नाहीतर आतलं सर्किट गुपचूप आवाज दाबतं. तुमचा साडेसहा इंची याच कामात जळाला असणार. बिचाऱ्याकडून त्याच्या ऐपतीबाहेरचं मागितलं गेलं.

त्यात आपला कानही तिकडे मंद. १००० हर्ट्झचा सूर शून्य डेसिबलच्या आसपासही ऐकू येतो. २० हर्ट्झचा सूर मात्र ७८ डेसिबलच्या आसपास पोहोचल्याशिवाय ऐकूच येत नाही, आणि आला तरी कानापेक्षा अंगाला जास्त कळतो. भुसावळला रेल्वे लाइनीला लागून ज्यांची घरं आहेत त्यांना हे समजावावं लागत नाही. रात्री मालगाडीचा आवाज कानावर यायच्या आधी पलंगाला तिची खबर लागते. सिनेमात जे हवं ते काहीसं असं. आणि दुकानात जे ऐकवतात तो ६०-७० हर्ट्झचा ढम्म. तो कोणताही डबा काढतो.

म्हणून दुकानात ‘बेसवालं गाणं’ लावू देऊ नका. मोबाइलवर टोन जनरेटरचं फुकट अ‍ॅप घ्या आणि ते सबवूफरला जोडायला सांगा. आवाज आधी कमीच ठेवा. ६० लावा, मग ५०, ४०, ३०, २५. ६०ला दोन्ही डबे छातीठोक बोलतील. ३०ला जो नुसता दाब देईल, हवा हलतेय असं वाटेल पण सूर धड पकडता येणार नाही, तो खरा. ३०लाही ज्याचा ‘घूं’ असा सूर स्पष्ट ऐकू येतो, तो ३० वाजवतच नाहीये. त्याचा कोन दमलाय आणि ६० नि ९०चे भेसळ सूर काढतोय. ही तपासणी मी करायला लागलो तसे दोन दुकानदार मला चहा विचारायचे बंद झाले.

कोनच्या कडेचं रबरही बघा. रुंद, जाड, अर्धगोल वळी असेल तर कोनला हलायला जागा आहे. अरुंद वळी म्हणजे १२ इंची माप फक्त दाखवायला. आणि फोमची कड अजिबात घेऊ नका. आपल्याकडच्या हवेत काही वर्षांत तिला बोट लावलं की पिवळा भुगा हातात येतो. मग डबा उचलून बघा. जाड एमडीएफ, मोठं मॅग्नेट आणि आत आडवे आधार असलेला १२ इंची सबवूफर एका हाताने सहज उचलला जात नाही. तुमचा २२ हजारवाला सहज उचलला गेला, तर तिथेच निम्मा निकाल लागला.

माहितीपत्रकात ‘२० ते २०० हर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर ते वाचलं नाही असं समजा. पुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ लिहिलंय का ते बघा. त्याशिवाय २० हर्ट्झला आवाज कुजबुजीएवढा असला तरी छापणारा खोटं बोलला असं होत नाही. सीटीए-२०१० नावाचं एक मोजमाप आहे. त्यात २०, २५, ३१.५ अशा प्रत्येक सुराला भेसळ ठराविक मर्यादेत ठेवून सबवूफर किती डेसिबल देतो ते मोजतात. तो तक्ता मिळाला तर वॅटचा आकडा झाकून ठेवा.

आता बंद डबा की भोकाचा.

भोकाच्या, म्हणजे पोर्टेड डब्यात कोनच्या मागची हवाही कामाला लावतात. ट्यूनिंगच्या सुराजवळ त्याच वॅटमध्ये बराच जास्त आवाज मिळतो. पण ट्यूनिंगच्या खाली तो दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद डबा आधीपासून गळायला लागतो, पण सावकाश, १२ डेसिबलने. बंद आणि लहान खोलीत ही सावकाश गळती फायद्याची ठरते, कारण खोली स्वतःच खालच्या सुरांना उचलून धरते. ते उचलणं गळतीला भरून काढतं आणि छोटा बंद डबाही २० हर्ट्झपर्यंत सरळ उतरतो. खोली मोठी आणि उघडी असेल तर ही मदत मिळत नाही, तिथे पोर्टेडच हवा.

तुमचा हॉल १८ गुणिले १४ गुणिले १०, म्हणजे २५२० घनफूट. पण सबवूफरला तुमच्या भिंती कागदावर दिसत नाहीत. कमान उघडी आहे म्हणजे डायनिंगचे १२०० घनफूटही त्यालाच भरायचे. झाले ३७२०. याला मी मध्यमच्या वरची खोली म्हणतो. ‘हॉल तर छोटाच आहे’ म्हणून दहा इंची घेणारे बहुतेक कमानीमुळे फसतात.

पोर्टेडबद्दल आपल्या भागातली एक भानगड सांगितली पाहिजे. चोपड्याकडच्या एका शेतातल्या बंगल्यावर मी एक पोर्टेड डबा बसवला होता. पुढच्या दिवाळीला फोन, ‘आवाज फुसफुसतोय.’ गेलो. भोकात हात घातला तर मूठभर कापूस. मला वाटलं आतला भराव सुटला असेल, काही डब्यांत तसा भरतात. मग कापसात सरकी लागली. शेजारच्या खोलीत वेचणीचा कापूस रचलेला होता. उंदरांनी तिथून नेऊन भोकाच्या तळाशी संसार थाटला होता आणि जागा अपुरी वाटली म्हणून कॉइलकडे जाणाऱ्या वायरी कुरतडल्या होत्या. तेव्हापासून गावाकडच्या प्रत्येक पोर्टेड डब्याच्या तोंडाला मी मोठ्या छिद्रांची जाळी लावतो. बारीक जाळी लावू नका, हवा अडून फसफस होते. पालीला मात्र उपाय नाही.

पण ३७२० घनफूट, डबा, वॅट, हे सगळं एका बाजूला आणि सबवूफर ठेवायचा कुठे हे एका बाजूला. निम्मा बेस दुकानात मिळतो, निम्मा घरात शोधावा लागतो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठराविक सूर अडकून घुमतात. काढायची सोपी रीत: ५६५ला फुटांनी भागा. तुमच्या १८ फुटांना येतात ३१ हर्ट्झ, १४ फुटांना ४०, आणि फरशी ते स्लॅब १० फुटांना ५६. हे तीन सूर तुमच्या हॉलमध्ये काही जागी दामदुप्पट ऐकू येतील आणि काही जागी गायब होतील. पहिला ३१चा सूर लांबीच्या बरोबर मध्यावर मरतो. म्हणजे सोफा भिंतीपासून ९ फुटांवर, हॉलच्या मधोमध ठेवलात तर लाखाचा सबवूफर आणा, ३१ हर्ट्झ तुमच्या कानाशी जवळजवळ शून्य. बरोबर मागच्या भिंतीला चिकटवलात तर उलट, सगळं अंगावर येईल. कमानीमुळे हे आकडे थोडे सरकतील, पण रीत हीच. तुमचा सोफा मागच्या भिंतीपासून साडेतीन-चार फूट पुढे घ्या.

इथे इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ आपल्याला फसवतात. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेली. ती भिंत थरथरते आणि बराचसा बेस तिथेच जिरतो किंवा बाहेर जातो. आपली ९ इंची विटांची भिंत, वर आरसीसी स्लॅब, खाली व्हिट्रीफाइड टाइल. बेस आत कोंडून राहतो. त्यामुळे आपल्याला तुलनेने कमी यंत्रात जास्त आवाज मिळतो, आणि जास्त घुमटीही. पडदे-गालिचा लावून खालचा बेस आवरेल असं समजू नका. १७ मीटर लांबीची लाट गालिच्याला मोजत नाही. जुन्या धाब्याच्या घरात, मातीच्या जाड भिंती आणि वर लाकूड-माती असलेल्या खोलीत मी एकदाच सेट लावला, आणि तिथे बेस इतका नेटका वाजला की मालकाला वाटलं सबवूफर चालू नाही.

जागा शोधायची रीत अशी. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ३० ते ८० हर्ट्झमध्ये वरखाली फिरणारा एखादा सूर किंवा सारख्या बेसचा प्रसंग परत परत लावा. मग तुम्ही फरशीवर रांगा. भिंतीकडेने, जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे तिथे कान फरशीलगत न्या. जिथे सगळे सूर सारखे आणि भरीव ऐकू येतील ती जागा. आता डबा तिथे ठेवा आणि तुम्ही सोफ्यावर बसा.

शिरपूरला एका साठीच्या आप्पांकडे हे करत होतो. आप्पा स्वतःच पायजमा खोचून रांगायला लागले, मी टोन बदलतोय. टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात घुमटी, शोकेसखाली काहीच नाही, खिडकीच्या पडद्यामागे बरं. दारातून त्यांच्या आई बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘काय हरपनं रे?’ आप्पा रांगत रांगतच म्हणाले, ‘बेस.’ सापडला तो कोपऱ्यापासून चार फूट अलीकडे, एका खांबाच्या शेजारी. आर्किटेक्टने टीव्ही युनिटमध्ये सबवूफरसाठी खास कप्पा केला होता, त्यात आता जपमाळेची पेटी असते.

आणि जागा सापडली की भांडी बोलायला लागतात. पितळी-स्टीलच्या डब्यांची मांडणी, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, पीओपीच्या छतातले दिवे. एकेका सुराला एकेक वस्तू थरथरते. ग्राहक मला म्हणतो सबवूफर फाटला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन हिंगाच्या डबीवर बोट ठेवतो. आवाज बंद. खिडकीला फेल्टची पट्टी, भांड्यांखाली कापड, छताच्या दिव्यांना सिलिकॉनचा थेंब. शंभर-दीडशे रुपयांत निम्म्या तक्रारी मिटतात.

दोन सबवूफरबद्दल. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली हा प्रश्न पद्धतशीर तपासला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर एकमेकांचे खड्डे भरतात आणि एकाऐवजी तीन-चार खुर्च्यांना सारखा बेस मिळतो. चारच्या पुढे वाढवून विशेष फायदा नाही. म्हणून जोडीचं पटतं तेव्हा मी आवाजासाठी नाही, सोफ्यावर कडेला बसणाऱ्या सूनबाईंसाठी पटवतो. पण सुरुवातीलाच बजेट अर्धं करून दोन हलके डबे घेऊ नका. दोन कच्चे पैलवान मिळून एक पक्का होत नाही. आज एक चांगला, दोन वर्षांनी त्याच मॉडेलचा दुसरा.

आईंचं आणि भाडेकरूंचं. खरं सांगतो, खालचा बेस भिंतीने थांबत नाही. पायाखाली रबरी पॅड ठेवल्याने स्लॅबमधून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवर ‘५० दाखवतंय’ म्हणून निश्चिंत राहू नका. ती अ‍ॅप बहुधा ‘ए’ मोजणीवर असतात आणि त्या मोजणीत ३१.५ हर्ट्झमधून जवळजवळ ३९ डेसिबल वजा होतात. ‘सी’वर टाकून बघा, आकडा बघून दचकाल. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ साठी नियमाने ४५ डेसिबल आहेत, पण भाडेकरू नियम बघून वर येत नाही. दहानंतर रिसीव्हरमधला नाइट मोड लावा. त्यात मोठे आवाज दबतात, बोलणं तसंच राहतं. आवाज कमी केला की बेस आधी गायब होतो, हा तुमचा भ्रम नाही. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं आहे की हळू आवाजात कान खालचे सूर जास्त चुकवतो. रात्रीच्या वेळी सबवूफर दोन-तीन डेसिबल वाढवलात तर चालेल. फक्त सकाळी परत खाली आणायची आठवण ठेवा.

विजेचं थोडक्यात, पण याला विसरू नका. गावाकडे रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज वर चढतं. लाइट जाऊन येण्याचा झटका सबवूफरच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरला सगळ्यात आधी बसतो. चांगला स्टॅबिलायझर किंवा सर्ज प्रोटेक्टर, आणि लाइट गेली की प्लग काढायची सवय. सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर सबवूफरला दोष देण्याआधी डिशची वायर काढून बघा. थांबला तर अर्थिंगचा फेरा आहे, आयसोलेटर लागेल. कोणी इलेक्ट्रिशियन तिसरी पिन कापून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. मे महिन्यात ४५ अंशांत वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, म्हणून डब्याच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवा. आणि फरशी पुसणाऱ्या बाईंना सांगा, पाणी डब्याच्या पायाशी साचू देऊ नका. एमडीएफ एकदा फुगलं की परत बसत नाही.

सुताराकडून डबा करून कारचा स्पीकर बसवायचं कोणी सुचवेल. ऑस्ट्रेलियातले थील (१९६१) आणि नंतर स्मॉल यांनी त्याचं गणित घालून दिलं आहे आणि त्यानुसार केला तर घरचा डबा उत्तम होतो. पण ‘अजून थोडा मोठा करा’ या हिशेबाने केलेला होत नाही. तुम्हाला तो छंद नसेल तर नादी लागू नका.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: ५८ हजारवाला, जर तो पोर्टेड असेल, टोनच्या परीक्षेत ३०लाच नाही तर २५लाही टिकला असेल आणि त्याच्या सर्व्हिसची सोय जळगाव, नाशिक किंवा निदान पुण्यात असेल तर. उरलेल्या सात हजारांत स्टॅबिलायझर, चांगली शिल्डवाली वायर आणि रबरी पॅड. कमान पडद्याने नाही, दाराने बंद करणार असाल तर मात्र थांबा, मग १२ इंची बंद डबा घ्या, तो जागाही कमी खातो.

घरी आल्यावर सबवूफरवरचं फ्रीक्वेन्सीचं बटण शेवटपर्यंत फिरवा किंवा ‘एलएफई’वर ठेवा. छाटणी, म्हणजे कोणते सूर सबवूफरला आणि कोणते स्पीकरला हे ठरवणं, रिसीव्हरलाच करू द्या. रिसीव्हरमध्ये पाचही स्पीकर ‘स्मॉल’, छाटणी ८० हर्ट्झला. ऑटो सेटअपनंतर (रिसीव्हर माइकने खोली मोजून स्पीकर स्वतः जुळवतो ते) तो पुढचे स्पीकर परस्पर ‘लार्ज’ करून ठेवतो, ते तपासा. तुमचे स्पीकर ३ इंची वगैरे असतील तर १२०. फेजचं बटण शून्य आणि १८० दोन्हीवर फिरवून ८०चा सूर लावा, सोफ्यावर जिथे जास्त ऐकू येतो ते ठेवा. ऑटो सेटअपने सबवूफरची पातळी उणे १२ वर नेऊन टेकवली असेल तर सबवूफरवरचा गेन (आवाजाचं बटण) थोडा कमी करून सेटअप परत करा.

आणि तो माइक लावाल तेव्हा कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर शांत झालेला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लोक कूलर चालू ठेवून सेटअप करतात, रिसीव्हर कूलरच्या घरघरीत गोंधळतो आणि वर्षभर ते बेसला शिव्या घालतात. पहाटे करा. आईंना आधी सांगून ठेवा, मशीन मोजताना प्रत्येक स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज काढतं.